सॅन अँटोनियो स्पर्स, हंगाम 2025-26: चाहत्यांच्या आशा आणि शंका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एनबीएचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, नवा हंगाम तोंडावर आला आहे. सॅन अँटोनियो स्पर्सचे मराठी चाहते पुण्या-मुंबईत भल्या पहाटे उठून सामने पाहणारे असोत किंवा ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन येथे स्थायिक झालेले असोत, त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माहिती ऑक्टोबर 2025 च्या मध्यापर्यंतची, म्हणजे पहिला सामना होण्यापूर्वीची आहे. आकडे नोंदींतले आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष माझे आहेत, आणि मी या संघाचा चाहता आहे हे वाचकांनी लक्षात ठेवून ते वाचावेत.

यंदा तरी स्पर्स प्लेऑफमध्ये पोहोचतील का?

पोहोचू शकतात, पण पोहोचतीलच असे म्हणण्याइतका पुरावा आज हाती नाही. सलग 22 हंगाम ज्या संघाचा प्लेऑफ (नियमित हंगामानंतरची बाद फेरी) कधी चुकला नाही, तो संघ 2019 नंतर तेथे एकदाही दिसलेला नाही. त्यामुळे चाहत्यांची अधीरता समजण्यासारखी आहे.

आधी हिशेब पाहू. पश्चिम विभागात 15 संघ आहेत. पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये जातात आणि सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे चार संघ प्ले-इनचे सामने खेळून उरलेल्या दोन जागा ठरवतात. मागच्या हंगामात स्पर्सने 82 पैकी 34 सामने जिंकले आणि ते तेराव्या क्रमांकावर राहिले. दहाव्या क्रमांकावरच्या डॅलसचे विजय 39 होते आणि सहाव्या क्रमांकावरच्या मिनेसोटाचे 49. म्हणजे प्ले-इन गाठायला पाच-सहा विजय वाढले तरी पुरतात, पण थेट प्रवेशासाठी साधारण पंधरा विजयांची भर लागते. पहिली उडी पूर्ण आवाक्यातली आहे. दुसरी मोठी आहे, आणि ती पडेल की नाही हे जवळजवळ एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: संघाचा आधारस्तंभ असलेला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) व्हिक्टर वेम्बान्यामा किती सामने खेळतो, आणि तो बाकावर असताना संघ किती तग धरतो. माझा स्वतःचा अंदाज 44 विजयांच्या आसपासचा आहे. एवढ्यात प्ले-इन नक्की आणि त्यापुढचे दार किलकिले.

पश्चिम विभाग यंदा सोपा झाला आहे की अवघड?

वरच्या टोकाला अवघड, मधल्या पट्ट्यात किंचित सोपा. जूनमध्ये इंडियानाला सात सामन्यांत हरवून विजेता ठरलेला ओक्लाहोमा सिटीचा संघ जवळपास तसाच परत येत आहे. ह्यूस्टनने केव्हिन ड्युरांटला आणले, मात्र त्यांचा अनुभवी गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) फ्रेड व्हॅनव्हलीट गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने अडला आहे. डेन्व्हरने राखीव फळी भक्कम केली आहे आणि लेकर्सकडे लुका डॉनचिच पूर्ण हंगामासाठी आहे. दुसरीकडे फिनिक्सने ड्युरांट गमावला आणि मेम्फिसने डेझमंड बेनला ऑरलँडोकडे धाडले. स्पर्सना वर सरकायचे असेल तर जागा याच मधल्या पट्ट्यात होणार आहे.

वेम्बान्यामाची प्रकृती खरोखर ठीक आहे का? ती गुठळी पुन्हा झाली तर?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त काळजीचा प्रश्न हाच आहे.

20 फेब्रुवारी 2025 रोजी, म्हणजे व्हिक्टर आपला पहिला ऑल-स्टार (लीगमधील निवडक खेळाडूंचा) सामना खेळून आल्यावर लगेचच, संघाने जाहीर केले की त्याच्या उजव्या खांद्यातील शिरेत रक्ताची गुठळी आढळली असून तो उरलेला हंगाम खेळणार नाही. वैद्यकीय भाषेत याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. अशा वेळी रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागतात. ती चालू असताना धक्काबुक्कीचा खेळ खेळणे धोक्याचे असते, कारण साध्या माराने होणारा अंतर्गत रक्तस्रावही लवकर थांबत नाही. म्हणून त्याला बाहेर बसवण्यात कोणाचा अतिसावधपणा नव्हता, दुसरा मार्गच नव्हता. जुलैमध्ये त्याला पूर्ण ताकदीने खेळण्याची परवानगी मिळाली.

चाहत्यांच्या मनात अशा वेळी ख्रिस बॉशचे नाव येते. मायामीच्या या ऑल-स्टार खेळाडूच्या फुप्फुसात 2015 मध्ये आणि पोटरीत 2016 मध्ये गुठळ्या झाल्या आणि फेब्रुवारी 2016 नंतर तो पुन्हा एनबीएत खेळू शकला नाही. ते उदाहरण भीतीदायक आहे, पण व्हिक्टरच्या बाबतीत ब्रँडन इंग्रमचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. इंग्रमच्या उजव्या हातात मार्च 2019 मध्ये गुठळी आढळली, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच हंगामात तो ऑल-स्टार झाला. डेट्रॉइटचा ऑसार थॉम्प्सन हाही मार्च 2024 मध्ये गुठळीमुळे बाहेर बसला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परतला. खांद्याच्या भागातील गुठळीमागे बऱ्याचदा हासळीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शीर दाबली जाणे हे स्थानिक कारण असते, आणि ते दूर करता येते. शरीरात कोठेही गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असणे ही वेगळी आणि अधिक गंभीर बाब आहे. ज्या डॉक्टरांनी त्याला तपासले त्यांनी परवानगी दिली आहे. बाहेरून आपण यापेक्षा अधिक खात्री मागू नये.

शरीराची तयारी मात्र उघड दिसते. उन्हाळ्यात तो चीनमधील हेनान प्रांतातल्या शाओलिन मठात राहून आला, हकीम ओलाजुवॉन आणि केव्हिन गार्नेट या दोन दिग्गजांकडून बास्केटजवळच्या खेळाचे धडे घेतले. सात फूट चार इंच उंचीच्या, 21 वर्षांच्या मुलाने सक्तीच्या विश्रांतीनंतरचे महिने असे वापरावेत, याचा चाहत्यांना अभिमान वाटायला हवा.

त्याने दर सामना खेळावा, की त्याला मधूनमधून विश्रांती द्यावी?

विश्रांती द्यावी, आणि त्यावर चाहत्यांनी तक्रार करू नये. मागच्या हंगामात तो 46 सामने खेळला. त्यांत सरासरी 24.3 गुण, 11 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेला चेंडू) आणि 3.8 ब्लॉक (हवेतच अडवलेला फटका) अशी त्याची कामगिरी होती. एकूण 176 ब्लॉक करून तो लीगमध्ये पहिला राहिला, तेही जवळजवळ निम्मा हंगाम न खेळता. तरीही सर्वोत्तम बचावपटूच्या पुरस्कारासाठी त्याचा विचार होऊ शकला नाही, कारण प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान 65 सामने खेळण्याची अट आहे. पुरस्कारासाठी त्याची दमछाक करू नये हे खरे असले तरी 65 ते 70 सामने हा आकडा संघासाठीही योग्य आहे. सलग दोन दिवस सामने आले की त्यांतला एक सोडावा, एवढे नियोजन पुरेसे व्हावे.

त्याने इतके लांबून फटके मारणे थांबवायला नको का?

थांबवायला नको, कमी करायला हवे. मागच्या हंगामात तो दर सामन्यात जवळपास नऊ थ्री पॉइंटर (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे फटके) घेत होता आणि त्यांतले 35 टक्के जात होते. एवढ्या उंचीच्या खेळाडूसाठी ही अचूकता विलक्षण आहे आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचा सेंटर बास्केटपासून दूर ओढला जातो. अडचण अशी की यांतले बरेच फटके चोवीस सेकंदांच्या घड्याळात पंधरा-सोळा सेकंद शिल्लक असताना, सहकाऱ्यांपैकी कोणाचाही हात चेंडूला न लागता घेतलेले असत. ओलाजुवॉनकडून शिकलेले फिरकीचे पवित्रे तो सामन्यात वापरतो का, हे पाहण्याची उत्सुकता मला सर्वाधिक आहे.

फॉक्स, कॅसल आणि हार्पर हे तिघे एकत्र कसे खेळणार?

डिॲरॉन फॉक्स फेब्रुवारी 2025 मध्ये सॅक्रामेंटोहून तीन संघांच्या व्यवहारातून आला. स्टेफॉन कॅसल 2024 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) चौथ्या क्रमांकावर मिळाला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. डिलन हार्पर यंदाच्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आहे. निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत स्पर्स आठव्या स्थानावरून दुसऱ्यावर गेले, तेव्हा नशिबाने दिलेले नाकारायचे कसे, असाच प्रश्न होता. तिघेही चेंडू हातात घेऊन बचाव फोडत बास्केटकडे घुसणारे आहेत. आणि तिघांपैकी कोणीही भरवशाचा नेमबाज नाही. फॉक्सची कारकिर्दीतली थ्री पॉइंटरची अचूकता 33 टक्क्यांच्या आसपास आहे, कॅसलची मागच्या हंगामात 28.5 टक्के होती, आणि हार्परही रटगर्स विद्यापीठाकडून खेळताना यासाठी ओळखला जात नव्हता.

याचा त्रास नेमका कसा होतो, ते मागच्या हंगामातला कोणताही सामना नीट पाहिल्यास कळते. कॅसल कोपऱ्यात रेषेबाहेर उभा असतो. त्याच्यावर नेमलेला बचावपटू त्याच्याकडे जवळजवळ पाठ करून दोन पावले आत, पेंटच्या (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या) कडेला येऊन थांबतो. व्हिक्टरला आत पास मिळाला आणि त्याने एकदा जरी चेंडू जमिनीवर टाकला, की तो बचावपटू खालून हात घालतो. व्हिक्टरच्या कमरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर इतरांपेक्षा बरेच जास्त असल्याने चेंडू तेवढा वेळ उघडा राहतो आणि हिसकावला जातो. चेंडू कॅसलकडे बाहेर गेलाच, तर त्याने फटका मारावा यातच प्रतिस्पर्धी समाधानी असतो. असे दोन खेळाडू एकदम कोर्टवर असले तर आतली वाट आणखी अरुंद होते, तीन असले तर बंदच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तिघांना एकत्र खेळवण्याचा हट्ट धरू नये. 48 मिनिटांच्या सामन्यात गार्डच्या दोन जागांची मिळून 96 मिनिटे होतात. ती तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 32 येतात. कोर्टवर एका वेळी तिघांतले दोघेच असावेत आणि त्यांच्या भोवती हॅरिसन बार्न्स, डेव्हिन व्हसेल, ज्युलियन शॅम्पेनी यांच्यासारखे नेमबाज असावेत. बार्न्सने मागच्या हंगामात सर्व 82 सामने खेळून 43 टक्क्यांहून अधिक थ्री पॉइंटर अचूक मारले. या अनुभवी खेळाडूकडे चाहत्यांचे लक्ष जाते त्यापेक्षा फार जास्त जायला हवे. हंगामाच्या सुरुवातीला तर हा पेच आपोआपच थोडा सुटेल, कारण फॉक्सच्या मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत झाली असून पहिले काही सामने तो खेळणार नाही अशी चिन्हे आहेत. त्या काळात कॅसलच्या हाती संघ किती सुरळीत चालतो, हे पाहावे.

फॉक्सला एवढा मोठा करार देण्याची घाई झाली का?

ऑगस्टमध्ये त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे 22 कोटी 90 लाख डॉलरचा वाढीव करार झाला आणि तो 2026-27 पासून लागू होईल. शंका रास्त आहे: करार पूर्ण झाला तेव्हा फॉक्स आणि व्हिक्टर एकत्र फक्त पाच सामने खेळले होते. आधी व्हिक्टर गुठळीमुळे बाहेर गेला आणि मार्चमध्ये फॉक्सच्या डाव्या हाताच्या करंगळीवर शस्त्रक्रिया झाली.

तरीही मला हा निर्णय समर्थनीय वाटतो. 2023 मध्ये अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांतील कामगिरीसाठी एनबीएने पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला, तो फॉक्सला मिळाला, आणि त्याच वर्षी सॅक्रामेंटोचा सोळा वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. दुष्काळ संपवण्याचा अनुभव असलेला माणूस या संघाला हवाच होता. पैशाची खरी कसोटी पुढे आहे: व्हिक्टर 2026 च्या उन्हाळ्यात वाढीव करारास पात्र होईल, आणि कॅसल व हार्पर यांचे स्वस्त नवोदित करारही काही कायम राहणार नाहीत.

व्हिक्टर बाकावर बसला की संघ कोसळतो. त्यावर उपाय झाला आहे का?

झाला आहे, आणि माझ्या दृष्टीने उन्हाळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच आहे, जरी त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

व्हिक्टर दर सामन्यात सरासरी 33 मिनिटे खेळत असे. उरलेली 15 मिनिटे, आणि तो न खेळलेले सामने पूर्णच, सेंटरच्या जागी कोण असावे याला मागच्या हंगामात नीट उत्तर नव्हते. फेब्रुवारीनंतर तर हंगामाच्या मध्यात करारबद्ध केलेल्या बिस्माक बियाँबोवर भिस्त ठेवावी लागली. यंदा बोस्टनहून ल्यूक कॉर्नेट चार वर्षांसाठी आला आहे. सात फुटांहून उंच, 2024 च्या विजेत्या संघातला, गुण फारसे न करणारा, पण सहकाऱ्यासाठी अंगाने वाट अडवून देणे, आक्रमक रिबाउंड खेचून चेंडू पुन्हा बाहेर काढणे आणि बचावात योग्य जागी उभे राहणे ही कामे मन लावून करणारा खेळाडू. वॉशिंग्टनहून आलेला केली ओलिनिक वेगळ्या धाटणीचा आहे. तो पास उत्तम देतो आणि लांबून मारतो. त्या पंधरा मिनिटांत दर सामन्यात चार गुणांनी मागे पडण्याऐवजी बरोबरी राहिली, तर हंगामभरात त्याचे किती विजय होतील ते ज्याचे त्याने मोजावे. मला ते प्ले-इन आणि घरी बसणे यांतले अंतर वाटते.

पॉपोविच यांच्यानंतर मिच जॉन्सन यांना हे पेलेल का?

ग्रेग पॉपोविच डिसेंबर 1996 पासून संघाचे प्रशिक्षक होते. पाच अजिंक्यपदे (1999, 2003, 2005, 2007 आणि 2014) आणि नियमित हंगामातले 1,422 विजय ही त्यांची कमाई आहे. एनबीएच्या इतिहासात इतके विजय कोणत्याही प्रशिक्षकाचे नाहीत. 2 नोव्हेंबर 2024 रोजी सामन्यापूर्वी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि त्याच रात्रीपासून मिच जॉन्सन यांनी सूत्रे हाती घेतली. 2 मे 2025 रोजी पॉपोविच यांनी प्रशिक्षकपद सोडल्याचे जाहीर झाले. संघाच्या बास्केटबॉल विभागाचे अध्यक्ष म्हणून ते राहणार आहेत.

जॉन्सन यांच्या नावावर मागच्या हंगामात 32 विजय आणि 45 पराभव आहेत. या आकड्यावरून त्यांना जोखणे मला अन्यायाचे वाटते. त्यांना तयारीचा उन्हाळा मिळाला नव्हता, प्रत्येक निर्णयावर "पॉप परत आले तर" हे सावट होते, आणि हंगामाच्या ऐन मध्यात संघाचा आधारस्तंभ निखळला. यंदा सहायकांची निवड, सरावाची पद्धत, खेळाडूंच्या मिनिटांची वाटणी हे सारे त्यांचे असेल. त्यामुळे सबबही नसेल. सामन्याच्या चौथ्या सत्रात आघाडी टिकवताना संघ गोंधळतो, ही मागच्या वर्षीची तक्रार खरी होती. ख्रिस पॉल, ज्याने मागच्या हंगामात वयाच्या चाळिशीला टेकूनही सर्व 82 सामन्यांत सुरुवातीच्या पाचांत स्थान मिळवले, तो आता क्लिपर्सकडे परतला आहे. त्यामुळे अशा क्षणी कोर्टवर सूचना देणारा आवाज आता कोणाचा असेल, हे जॉन्सन यांना लवकर ठरवावे लागेल.

पॉपोविच यांचा विषय निघाला की चाहते हळवे होतात, मीही होतो. सामना संपल्यावर हरलेल्या संघाच्या तरुण खेळाडूला थांबवून, खांद्यावर हात ठेवून दोन वाक्ये बोलणारा तो माणूस यंदा बाकाशेजारी दिसणार नाही, याची सवय व्हायला वेळ लागेल.

डंकन आला तेव्हा संघ एका वर्षात बदलला. व्हिक्टरच्या बाबतीत एवढा वेळ का?

1996-97 मध्ये 20 विजयांवर थांबलेल्या संघाने टिम डंकन आल्यावर 1997-98 मध्ये 56 सामने जिंकले, हे खरे आहे. परंतु त्या 20 विजयांमागे संघाचा तेव्हाचा प्रमुख खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन याची दुखापत होती. तो परतला आणि डंकन एका तयार, अनुभवी संघात दाखल झाला. व्हिक्टर 2023 मध्ये आला तो मुद्दाम मोकळ्या केलेल्या संघात. 2022-23 मध्ये 22 विजय, त्याच्या पहिल्या हंगामातही पुन्हा 22. त्या हंगामाच्या सुरुवातीला तर जेरेमी सोहानसारख्या फॉरवर्डला (पुढच्या फळीतल्या खेळाडूला) पॉइंट गार्ड (खेळ रचणारा मुख्य गार्ड) म्हणून खेळवण्याचा प्रयोग झाला आणि मध्ये सलग 18 पराभव पाहावे लागले. दोन्ही सुरुवातींची तुलनाच होऊ शकत नाही.

केव्हिन ड्युरांटला आणण्याची संधी का सोडली?

ड्युरांट आता 37 वर्षांचा आहे आणि व्हिक्टर 21 चा. दोघांचे ऐन भरातले काळ जुळत नाहीत. ओक्लाहोमा सिटीने 2021-22 मध्ये 24, पुढच्या वर्षी 40, मग 57 आणि अखेर 68 विजय मिळवून अजिंक्यपद घेतले, ते ड्राफ्टमधून आलेल्या तरुणांना वेळ देऊन. स्पर्सचे सरव्यवस्थापक ब्रायन राइट यांची दिशा तशीच दिसते. अटलांटाकडून मिळालेले ड्राफ्टमधील निवडीचे हक्क अजून संपलेले नाहीत: त्यातूनच यंदा चौदाव्या क्रमांकावर कार्टर ब्रायंट आला आणि 2027 चा पहिल्या फेरीचा हक्कही बाकी आहे. घाईने हे भांडवल उधळण्यापेक्षा या तरुणांना एक पूर्ण, निरोगी हंगाम एकत्र खेळताना पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

हार्पर पहिल्याच वर्षी चमकेल का?

चमक दिसेल, सातत्य दिसेलच असे नाही. सप्टेंबरमध्ये त्याच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे सरावाचा काही काळ गेला. पाच अजिंक्यपदे जिंकलेल्या रॉन हार्परचा तो मुलगा आहे. राखीव फळीतून सुरुवात करण्यात कमीपणा मानणाऱ्यांपैकी तो वाटत नाही.

फेब्रुवारीत संघ आठवडेच्या आठवडे बाहेर का असतो?

त्या महिन्यात संघाच्या फ्रॉस्ट बँक सेंटर या मैदानात जनावरांचे प्रदर्शन आणि रोडिओ (उधळत्या घोड्या-बैलांवरच्या स्वारीच्या स्पर्धा) भरतो. 2003 पासून दर हंगामात संघाचा हा लांबचा दौरा ठरलेला आहे. जुन्या संघांनी याच दौऱ्यात कात टाकली. तरुण संघासाठी तो परीक्षा पाहणारा ठरतो. तोपर्यंत विजय आणि पराभव सारखे राखले तर मोठे काम झाले असे समजावे.

संघ सॅन अँटोनियो सोडून जाणार असल्याच्या बातम्यांत तथ्य आहे का?

संघाने तसे काहीही जाहीर केलेले नाही. प्रश्न नव्या मैदानाचा आहे. शहराच्या मध्यभागी सुमारे 130 कोटी डॉलर खर्चाचे मैदान बांधण्याचा प्रस्ताव असून त्यातील 31 कोटी 10 लाख डॉलरपर्यंतचा बेक्सार परगण्याचा वाटा हॉटेल आणि भाड्याच्या मोटारींवरील करातून द्यावा की नाही, यावर 4 नोव्हेंबर रोजी तेथील मतदार कौल देतील. ज्यांना सार्वजनिक पैसा धनाढ्य मालकांच्या मैदानावर खर्च होणे पटत नाही, त्यांचा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण ऑस्टिनमध्ये काही "घरचे" सामने होऊ लागल्यापासून स्थानिक चाहत्यांच्या मनात धाकधूक आहे, आणि शहराला दुसरा मोठा व्यावसायिक संघ नाही, हे लक्षात घेतले तर ती समजून घेता येते.

भारतातून सामने कधी पाहायचे? आणि या संघाचा मुंबईशी काही संबंध आहे का?

पहिला सामना 22 ऑक्टोबरच्या रात्री डॅलसमध्ये, डॅलसविरुद्ध आहे. आपल्याकडे तेव्हा 23 तारखेचे सकाळचे सात वाजलेले असतील, म्हणजे ऐन भाऊबीजेची सकाळ. ओवाळणीची वेळ थोडी पुढे ढकलावी, कारण यंदाच्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा कूपर फ्लॅग व्हिक्टरसमोर पदार्पण करणार आहे. घरच्या मैदानावरचा पहिला सामना 26 ऑक्टोबरला ब्रुकलिनशी आहे. सॅन अँटोनियोत संध्याकाळी सातला सुरू होणारे सामने 2 नोव्हेंबरला तिकडची घड्याळे बदलेपर्यंत आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि त्यानंतर 8 मार्चपर्यंत सकाळी साडेसहाला दिसतील. कार्यालयात जाणाऱ्यांसाठी हिवाळ्यातली ही वेळ जरा अडचणीची आहे. निदान पूर्वार्ध तरी पदरात पडतो.

मुंबईचा संबंध आहे. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना या संघांचे सराव सामने झाले. एनबीएचे संघ भारतात खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. सॅक्रामेंटोचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि त्या वेळी त्यांच्या संघाबरोबर फॉक्स आणि बार्न्स हे दोघेही मुंबईत आले होते. त्या दिवसांत डोममध्ये बसलेल्या प्रेक्षकांपैकी कित्येकांना आज हे दोघे स्पर्सच्या काळ्या-रुपेरी पोशाखात पाहायला मिळत आहेत.

सुरुवातीच्या वीस सामन्यांत नेमके काय पाहावे?

विजयांचा आकडा एवढ्यात फसवा असतो. त्याऐवजी व्हिक्टर बसतो तेव्हाची आणि उठतो तेव्हाची गुणसंख्या लिहून ठेवावी. कॅसल कोपऱ्यातून फटका घेताना कचरतो का, हे पाहावे. तो थोडे चुकवूनही न डगमगता मारत राहिला, तर बचावपटूला दोन पावले बाहेर यावेच लागेल. फॉक्स परतल्यावर अटीतटीच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटे चेंडू कोणाच्या हातात असतो, त्याकडेही लक्ष असू द्यावे.

हंगाम अपयशी ठरला असे केव्हा म्हणायचे?

व्हिक्टर 65 किंवा त्याहून अधिक सामने खेळला आणि तरीही संघ पहिल्या दहांत आला नाही, तर जॉन्सन आणि राइट यांना जाब विचारण्याचा चाहत्यांना पूर्ण अधिकार आहे. तो पुन्हा दीर्घकाळ बाहेर राहिला, तर मोजमाप वेगळे असेल: त्या स्थितीत कॉर्नेटला धरून उरलेल्या संघाने निम्म्याच्या जवळपास सामने जिंकले, तर मी त्या हंगामाला अपयश म्हणणार नाही. आणि दहाव्या क्रमांकावर येऊन प्ले-इनचा पहिलाच सामना हरला तरी कॅसल, हार्पर आणि व्हिक्टर यांना नियमित हंगामानंतरच्या सामन्यात खेळण्याचा जो अनुभव मिळेल, तो या तिघांपैकी एकालाही आजवर एनबीएत मिळालेला नाही.